माइक घेण्याआधी गोधडी काढा: नाशिकमधून तंत्रज्ञानाचा मराठी पॉडकास्ट

तंत्रज्ञानाचे पॉडकास्ट नेमाने ऐकणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, आपणही एक करून बघावा. मग तो सगळ्यात आधी माइकच्या किमती बघायला लागतो. क्रम चुकतो तो इथेच. विषय, खोली, तोंड आणि माइक यांमधलं अंतर, लिहिलेलं बोलण्यासारखं होणं, या चार गोष्टी जमल्या तर साध्या फोनवरही ऐकण्याजोगा भाग निघतो. त्या जमल्या नाहीत, तर वीस हजारांचा माइक तुमची खोली कशी घुमते तेवढंच जास्त स्पष्ट ऐकवतो.

तुमच्याजवळ एक भांडवल मात्र तयार असतं, ते म्हणजे कान. कुठे कंटाळा येतो, कोणाचा आवाज डोक्यात जातो, कोण पाहुण्याला बोलूच देत नाही, हे तुम्हाला न शिकवता कळतं. आता तोच कान कामाला लावायचा आहे.

पहिला आठवडा: ऐकायचं, पण वही घेऊन

आवडत्या पॉडकास्टचे तीन भाग निवडा आणि मिनिटांची नोंद करत ऐका. विषय नेमका कोणत्या मिनिटाला कळला? सुरुवातीचं संगीत किती सेकंद चाललं? प्रश्न किती लांब होते आणि उत्तरं किती? तुमचं लक्ष कुठे उडालं? ही शेवटची नोंद सगळ्यात कामाची. तिथे बहुतेक वेळा एखादं वाक्य दोनदा बोललेलं असतं किंवा दोघं एकमेकांचं कौतुक करत असतात.

दीडपट वेगाने ऐकायची सवय असेल तर या आठवड्यात ती सोडा. त्या वेगाची सवय झालेला माणूस स्वतः बोलायला बसला की धावतो, आणि त्याला ते कळतही नाही. एक भाग स्वयंपाकघरात फोनच्या स्पीकरवर ऐका, एक रिक्षात. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा पासधारक तुमचा श्रोता असू शकतो. त्याच्या कानात गाडीची खडखड असते आणि इगतपुरी–कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं. आवाज एकसारखा का हवा आणि फाइल हलकी का हवी, ते त्याच्या जागी बसून बघितलं की समजतं.

विषय: जे नाशिकमध्येच मिळेल ते

नव्या फोनचे रिव्ह्यू हिंदीत आणि इंग्रजीत ढिगाने आहेत, तेही फोन बाजारात येण्याआधी. त्या शर्यतीत उतरू नका. नाशिकभोवती जे तंत्रज्ञान रोज वापरात आहे त्यावर मराठीत फारसं कोणी सविस्तर बोलत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमधली हवामान केंद्रं आणि ठिबकचं ऑटोमेशन आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधली सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारी, मशिनं आहेत. लासलगावच्या कांद्याची साठवण आहे. ओझरला एचएएलमध्ये विमानं बनतात. २०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात ‘कुंभथॉन’ झालं, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उत्तरं शोधायचा उपक्रम. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते. आता २०२७चा सिंहस्थ आहे. गर्दी कशी मोजतात, हरवलेला माणूस कसा शोधतात, लाखोंच्या जमावात मोबाइल टॉवर का झोपतो, यांतला एकेक प्रश्न म्हणजे एकेक भाग.

कसोटी सोपी आहे. कागदावर दहा भागांची नावं लिहा. सहाव्यालाच पेन थांबलं तर विषय फार अरुंद आहे. नावं भराभर सुचली पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर तो फार पसरट आहे. दहा जमले की एका वाक्यात लिहा: कोणासाठी, कशाबद्दल, किती मिनिटांत. ‘छोटा कारखाना चालवणाऱ्यांसाठी, मशीनच्या आतलं तंत्रज्ञान, वीस मिनिटांत.’ हे वाक्य जमेपर्यंत नाव आणि चित्र यांच्या मागे लागू नका.

वेळापत्रक श्रोत्याच्या कामाला धरून ठेवा. द्राक्षवाल्यांसाठी बोलणार असाल तर हवामान केंद्रावरचा भाग ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आधी यायला हवा. नोव्हेंबरात, डाऊनी हा बुरशीचा रोग येऊन गेल्यावर, तो ऐकायला कोणाला सवड नसते आणि इच्छाही.

लिहायचं ते कानासाठी

एकट्याने बोलण्याचा भाग असेल तर पहिल्या पाच भागांपर्यंत तरी पूर्ण लिहून काढा. ‘मुद्दे लिहितो आणि बोलतो’ हे अनुभवी माणसाला जमतं. नवखा माणूस मुद्द्यांच्या मधली जागा ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘तर काय होतं की’ यांनी भरतो.

पण लिहिताना मराठी माणूस एकदम शासकीय परिपत्रकात शिरतो. हे बघा:

‘पर्णार्द्रता संवेदकाद्वारे प्राप्त माहितीच्या आधारे रोगप्रादुर्भावाचे पूर्वानुमान वर्तविले जाते.’

डोळ्यांना हे कसंबसं चालतं, कानाला नाही. तेच असं सांगा:

‘पान किती तास ओलं राहिलं, हे एक सेन्सर मोजतो. ओल जास्त तास टिकली, आणि हवाही डाऊनीला मानवणारी असली, की तुमच्या फोनवर इशारा येतो.’

शब्द वाढले, पण श्रोत्याला मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागत नाही. सेन्सर, बॅटरी, अपडेट, सर्व्हर हे शब्द जसेच्या तसे राहू द्या. शेतकरीही सेन्सरच म्हणतो. अडचण अनोळखी शब्दांची असते. पीएलसी पहिल्यांदा आलं की लगेच एका ओळीत सांगा: मशीनला कधी काय करायचं ते सांगणारा छोटा, धूळ-उष्णता सोसणारा कॉम्प्युटर. एका भागात असे तीनापेक्षा जास्त नवे शब्द आणू नका. आकड्यांचंही तसंच. कानाला एका वाक्यात एकच आकडा पेलतो.

लांबी ठरवायला दुसऱ्याचे आकडे घेऊ नका. स्वतःचं लिखाण मोठ्याने, नेहमीच्या वेगाने, बरोबर तीन मिनिटं वाचा, शब्द मोजा आणि तीनने भागा. तो तुमचा मिनिटाचा दर. वीस मिनिटांचा भाग हवा तर अठरा मिनिटांचं लिहा. उरलेली दोन मिनिटं थांबण्यात आणि श्वासात जातात.

पाहुणा असेल तर तयारी वेगळी. ‘द्राक्षशेतीत तंत्रज्ञानाचं महत्त्व काय?’ असं विचारलंत की भाषण मिळतं. ‘हवामान केंद्राने इशारा दिला आणि तुम्ही फवारणी केली नाहीत, असं कधी झालं का? मग काय झालं?’ असं विचारलंत की गोष्ट मिळते, रक्कम मिळते, तारीख मिळते. आठ प्रश्न लिहा आणि त्यांतले पाचच विचारायचे असं मनाशी धरा. पाहुण्याला विषय आधी सांगा, प्रश्न पाठवू नका. प्रश्न पाठवले की तो उत्तरं पाठ करून येतो. आणि पाहुण्याला ‘मिसळ खाता खाता बोलू’ म्हणून नेऊ नका. मिसळ नंतर. स्टीलच्या चमच्यांचा आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

खोली

हातभर अंतरावर टाळी वाजवा आणि कान द्या. टाळीनंतर टणटण असा शेपटासारखा आवाज आला तर त्या खोलीत रेकॉर्डिंग नको. नव्या फ्लॅटचा हॉल, म्हणजे गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती, काचेची सरकती खिडकी, ही बहुधा घरातली सगळ्यात वाईट जागा असते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे गादी, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली लहान बेडरूम. कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणून तुमच्या पाठीमागची भिंत मऊ हवी. समोर, माइकच्या मागे, खुर्चीवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर जाड गोधडी टाका. टेबल उघडं असेल तर त्यावर चादर. एवढ्याने टाळीचं शेपूट पुष्कळ कमी होतं.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. ते इतके पातळ असतात की आवाज फारसा शोषत नाहीत. स्पंजचे चौकोनही खोलीतला प्रतिध्वनी थोडा कमी करतात, बाहेरचा हॉर्न अडवत नाहीत. दोन वेगळे प्रश्न आहेत. घुमणं मऊ गोष्टींनी कमी होतं. बाहेरचा आवाज फक्त जड भिंत, बंद फटी आणि योग्य वेळ यांनी टळतो.

वेळ आपापल्या मोहल्ल्यावर ठरते. पंचवटीत घाटाजवळ राहणाऱ्याने पहाट टाळावी, वर्दळीच्या द्वारका चौकाजवळच्याने संध्याकाळ. वर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर त्या खोलीकडे फिरकू नका. वर्षातला उत्तम काळ म्हणजे थंडी. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की पंखे बंद होतात, आणि पंखा बंद म्हणजे अर्धी लढाई जिंकली. त्या दोन महिन्यांत चार-पाच भाग रेकॉर्ड करून ठेवणारा मे महिन्यात निवांत असतो.

बसण्याआधी एक मिनिट गप्प राहून आवाज मोजा: पंखा, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, इन्व्हर्टर. फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. रेकॉर्डिंग संपवून बाहेर निघताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू करायचं विसरणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा. रेकॉर्डिंगमधली एकसुरी गुणगुण बऱ्याचदा चार्जरमधून किंवा स्वस्त इन्व्हर्टरमधून आलेली ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली असते, आणि बॅटरीवर गेलं की नाहीशी होते.

फोन, मग माइक

पहिले तीन भाग फोनवरच करा. आयफोनवर सेटिंगमध्ये व्हॉइस मेमोजची ऑडिओ क्वालिटी ‘लॉसलेस’ करा. अँड्रॉइडवर वेव्ह (न दाबलेली) फाइल देणारं रेकॉर्डर ॲप घ्या आणि त्यातलं ‘आवाज सुधारा’, ‘ऑटो गेन’ असलं काही असेल ते बंद करा. ऑटो गेन चालू राहिला की तुम्ही थांबलात की तो आवाज वाढवतो आणि प्रत्येक वाक्याच्या मध्ये खोलीची सळसळ भरतीसारखी वर येते. नंतर ती काढता येत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, कव्हर काढा, खालच्या कडेचं माइकचं भोक साफ करा आणि फोन घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, म्हणजे टेबलाचे धक्के आत जाणार नाहीत.

अंतर हा या सगळ्या कामाचा कणा आहे. मोकळ्या जागेत तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण पंख्याचा आवाज होता तेवढाच राहतो. साठ सेंटिमीटरवरून पंधरावर आलात की १२ डेसिबल फुकट मिळाले. तेवढा फरक कोणताही फिल्टर आवाज न बिघडवता देऊ शकत नाही. फोनसाठी एक वीत. डायनॅमिक माइकसाठी (तो काय, ते पुढे येतंच) चार बोटं. त्याहून जवळ गेलात तर आवाज खर्जात जड होतो, रेडिओवाल्यांचा आवडता गुण तो, पण तंत्रज्ञान समजावताना शब्द गढूळ करतो.

माइक तोंडासमोर सरळ धरू नका. ओठांच्या कोपऱ्याशी, तीस-चाळीस अंश तिरका ठेवा. प, फ, ब, भ बोलताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज करतो. आपल्या विषयाचा शब्दकोशच नेमका याच अक्षरांनी भरलेला: बॅटरी, पॉवर, प्रोसेसर, बॅकअप, पासवर्ड, ब्लूटूथ. चाचणीसाठी हे वाक्य वाचा: ‘पॉवर बँकची बॅटरी फुगली, पण बॅकअपचा पासवर्ड भलत्याच फोनमध्ये.’ हेडफोन लावून ऐका. धप् आलं तर माइक अजून तिरका करा, माइक मागे नेऊ नका.

फोनवर तीन भाग झाले आणि पुढे चालू ठेवायचं मन असेल तर पैसे काढा. एम. जी. रोडच्या मोबाइल दुकानांत हजाराच्या आसपास कॉलरला लावायचा वायरवाला माइक मिळतो. बोया बीवाय-एम१सारख्या माइकवर फोन आणि कॅमेरा असं बटण असतं, कॅमेऱ्याच्या स्थितीत आत एलआर४४ सेल लागतो आणि वायर सहा मीटर लांब असते. बटण चुकीच्या बाजूला राहिलं तर आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही. माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावा. ओढणी, मफलर, मंगळसूत्र, ओळखपत्राची दोरी, जे घासेल ते दूर.

त्यापुढची पायरी म्हणजे यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माइक, सॅमसन क्यू२यूच्या जातीचा. घरात बोलणाऱ्यासाठी कंडेन्सर माइक घेऊ नये, असं ठाम मत इथे नोंदवायला हरकत नाही. तो संवेदनशील असतो आणि लांबून वापरला जातो, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बुलेटचीही नोंद घेतो. डायनॅमिक माइक जवळून वापरायचा असतो, त्यामुळे घराचा गोंगाट तुमच्या आवाजाखाली राहतो. लॅपटॉप त्याच्या पाठीमागे ठेवा, कारण असे माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतात.

रेकॉर्डिंगची पातळी मीटरवर अशी ठेवा की जोरात बोलल्यावर उंची −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान जाईल. शून्याला टेकली की आवाज फुटतो आणि फुटलेला आवाज परत सांधत नाही. हसताना माणूस सगळ्यात मोठा होतो, म्हणून पातळी पाहुण्याला हसवून ठरवावी.

कारखान्यात आणि फोनपलीकडे

अंबडच्या शेडमध्ये मशीन चालू असताना मुलाखत घेऊ नका. मालकाला त्याच्या किंवा तुमच्या गाडीत बसवा, काचा बंद, एसी बंद. मऊ सीटा आणि लहान जागा यामुळे उभी गाडी उत्तम स्टुडिओ होते, फक्त उन्हात उभी करू नका. दहा मिनिटांनी काच उघडून श्वास घ्या. मशीनचा आवाज वेगळा, एक मिनिटभर, बोलल्याशिवाय रेकॉर्ड करून आणा. तो नंतर मुलाखतीखाली हलका सोडला की श्रोता शेडमध्ये पोचतो, आणि तो किती मोठा ठेवायचा हे तुमच्या हातात राहतं.

पाहुणा पुण्यात किंवा परदेशात असेल तर कॉल रेकॉर्ड करणं हा शेवटचा उपाय. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ची धार त्याच्या वर असते, म्हणून फोनवर स आणि फ सारखे वाटतात. त्यापेक्षा कॉल इअरफोनवर चालू ठेवा आणि दोघांनी आपापल्या जागी दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला ‘तीन, दोन, एक’ म्हणून दोघांनी टाळी वाजवा. नंतर दोन्ही फाइलींतल्या टाळ्यांची टोकं जुळवायची. कॉलच्या विलंबामुळे टाळी किंचित पुढेमागे होते, तेवढं कानाने सरकवा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, म्हणून सुरुवातीला जुळलेली संभाषणं शेवटी थोडी सरकतात आणि उत्तर प्रश्नावर चढतं. अशा वेळी मधल्या शांततेत ट्रॅक तोडून पुढचा तुकडा सरकवायचा. दोन, एकाचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेणारं, आणि सॉफ्टवेअरने ते ४४.१ समजून वाजवलं, तर पाहुणा आठ टक्के संथ आणि जाड आवाजात बोलतो. तो आजारी नाही, सॅम्पल रेट चुकलाय.

फाइल मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायला सांगा. नुसती ऑडिओ म्हणून पाठवली तर वाटेत दाबली जाण्याची भीती.

कापाकापी

ऑडॅसिटी हे आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. पहिला भाग कापायला चार-पाच तास धरून चला. क्रम मात्र बदलू नका: खरखर काढणं, मजकूर कापणं, खर्ज छाटणं, कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा), लाउडनेस (एकूण मोठेपणा), एक्स्पोर्ट. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो लहान आवाज वर उचलतो, त्यात खरखरही वर येते.

खरखर काढायला रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच-दहा सेकंद गप्प बसलेला तुकडा लागतो, तो दर वेळी ठेवाच. तो निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’, मग पूर्ण ट्रॅक निवडून ६ ते ९ डेसिबल कपात. अनेकजण २४पर्यंत नेतात आणि मग माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहिलेली परवडते.

मजकूर कापताना आधी पूर्ण ऐका आणि कागदावर मिनिटं लिहा, मगच हात लावा. पहिलं दीड मिनिट हमखास काढता येतं, तिथे माणूस फक्त गरम होत असतो. ‘म्हणजे’ आणि ‘अं’ सगळे काढू नका, निम्मे काढा. श्वास तर काढूच नका, फार मोठा असेल तर अर्धा करा. सगळे श्वास काढलेला निवेदक ऐकताना श्रोत्यालाच धाप लागते.

मग खर्ज छाटणारा हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर. टेबलाचे धक्के आणि रस्त्याची घरघर जाते. कॉम्प्रेसर ३ला १. शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ −१६ एलयूएफएसवर, हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. ॲपल पॉडकास्टची शिफारस −१६, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि सर्वोच्च टोक −१च्या खाली, अशी आहे. मोनो ट्रॅक असेल तर तिथली ‘ड्युअल मोनो’ची खूण राहू द्या. नंतर मोनो मोजणाऱ्या मीटरने −१९ दाखवलं तर घाबरू नका, दोन कानांत ते −१६इतकंच ऐकू येतं. टोकं वर गेली असतील तर त्यांना ठरल्या उंचीवर अडवणारा लिमिटर −१.५वर लावा, कारण एमपी३ करताना टोकं किंचित वाढतात.

बोलण्याला स्टिरिओ लागत नाही. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, ९६ केबीपीएस एमपी३. मिनिटाला ०.७२ एमबी, म्हणजे पंचवीस मिनिटांचा भाग १८ एमबी. तोच भाग ४८ किलोहर्ट्झ २४ बिटच्या मोनो वेव्हमध्ये २१६ एमबी असतो. तो मूळ वेव्ह जपून ठेवा, प्रसिद्ध एमपी३ करा. एमपी३ पुन्हा उघडून, कापून, पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आवाजाचा कस उतरतो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागांशिवाय ठेवा, देवनागरी नावं काही ठिकाणी पत्त्यात मोडतात.

संगीताबद्दल एकच सांगायचं. ‘तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं’ असा कोणताही नियम १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कर्त्याने अटींवर वापरायची मोकळीक दिलेलं, संगीत घ्या, श्रेय लिहा, आणि पुढे जाहिरात घ्यायची शक्यता असेल तर व्यावसायिक वापर नाकारणारा परवाना टाळा. नाशिक ढोलची सुरावट आपल्या पॉडकास्टला शोभेल असं प्रत्येकाच्या मनात येतंच. ओळखीच्या पथकाला विचारून स्वतः रेकॉर्ड करा, पण फोन वीस-पंचवीस पावलांवर ठेवा, नाहीतर पहिल्याच ठोक्याला आवाज फुटेल. आठ सेकंद पुरे.

फीड

पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड: भागांची यादी आणि प्रत्येक फाइलचा पत्ता. ॲप ती यादी वाचतात, फाइल होस्टकडेच, म्हणजे ती साठवणाऱ्या सेवेकडेच, राहते. म्हणून होस्ट निवडताना एकच प्रश्न आधी विचारा, इथून बाहेर पडताना जुना पत्ता नव्याकडे वळवता येतो का? ज्या होस्टवर असं वळवणं, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, मिळतं तिथेच घर बांधा. सेवा बंद पडतात. गुगल पॉडकास्ट २०२४मध्ये बंद झालं, अँकर हे पॉडकास्टचं होस्टिंग स्पॉटिफायने २०१९मध्ये घेतलं आणि आज ते ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ आहे, फुकट होस्टिंग देतं. सुरुवातीला ते पुरेसं आहे.

फीडची भाषा ‘मराठी’ निवडा. बरेच जण इंग्रजीच राहू देतात. फीडमधला ईमेल कोणालाही वाचता येऊ शकतो, म्हणून त्यासाठी वेगळा पत्ता काढा. मुखचित्र चौकोनी, ३००० गुणिले ३००० पिक्सेल, जेपेग किंवा पीएनजी. ॲपल १४००पेक्षा लहान घेत नाही. चित्र झालं की फोनवर नखाएवढं करून बघा. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार आधी नाहीसे होतात, त्यामुळे जाड अक्षरात दोन-तीनच शब्द.

भागाचं नाव ‘भाग ४ :’ असं सुरू करू नका, ॲपमध्ये पहिले काही शब्दच दिसतात. ‘ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप का अडकतो’ हे नाव दिसलं की ज्याचा अडकलाय तो दाबतोच. वर्णनात महत्त्वाचे शब्द रोमन लिपीतही एकदा लिहा, कारण शोधणारे पुष्कळजण मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतात.

आधी दीड मिनिटाचा ट्रेलर चढवा. ॲपलकडे नोंदणीसाठी फीडमध्ये किमान एक भाग लागतो आणि तपासणीला काही दिवस जाऊ शकतात, ते ट्रेलरवर निभतात. तीन भाग तयार झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. पंधरा दिवसांतून एक हा वेग नोकरी सांभाळून झेपतो. आठवड्याला एक म्हणणाऱ्यांचा दिवाळीत पहिला खाडा होतो.

आकडे बघायचे तर डाउनलोडपेक्षा श्रोते कोणत्या मिनिटाला सुटतात तो आलेख बघा. सगळे चौथ्या मिनिटाला सुटत असतील तर चौथं मिनिट ऐका. पहिल्या आठवड्यातल्या वहीत तुम्ही दुसऱ्यांबद्दल जे लिहिलं होतं, तेच बहुधा तिथे सापडेल.

चूक सापडली, समजा फवारणीचं प्रमाण उलटं सांगितलं गेलं, तर होस्टवर त्याच भागाची फाइल बदला, नवा भाग काढून जुना पुसू नका. त्यामुळे भागाची ओळख तीच राहते आणि यादीत दोनदा दिसत नाही. पण ज्यांनी आधीच डाउनलोड केलाय त्यांच्या फोनमध्ये जुनीच फाइल राहते. म्हणून दुरुस्ती पुढच्या भागाच्या पहिल्या तीस सेकंदांत, बरोबर आकड्यासकट, तोंडानेही सांगा.